कोचाबांबा: चाळीस वर्षांचा पाणी-करार पाच महिन्यांत कसा मोडला

कोचाबांबाची हकीकत बहुतेक जण पाण्याच्या बिलापासून सुरू करतात. जानेवारी २००० मध्ये बोलिव्हियातल्या या शहरात नवी बिलं आली, लोक खवळले, रस्त्यावर उतरले आणि एप्रिलमध्ये परदेशी कंपनीनं गाशा गुंडाळला. यात खोटं काही नाही. पण एप्रिलमध्ये हमरस्ते अडवून बसलेल्यांत मोठा भाग आसपासच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचा होता आणि त्यांच्या घरी नळाचं बिल येतच नव्हतं. ज्याला बिल येत नाही, तो बिलावरून आठवडाभर रस्त्यावर का झोपेल? सगळं प्रकरण या प्रश्नापाशी येऊन अडतं. म्हणून आधी खोरं आणि कायदा पाहू, मोर्चे नंतर.

खोरं आणि पाळी

कोचाबांबा अँडीज पर्वतात अडीच हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. पाऊस मुख्यतः डिसेंबर ते मार्च, उरलेले आठ महिने कोरडे. १५४५ मध्ये पोतोसीला चांदी सापडल्यावर स्पॅनिशांनी या खोऱ्याला खाणींचं धान्याचं कोठार करून टाकलं. खाणींत मजूर यायचे ते ‘मिता’च्या नावाखाली. केचुआ भाषेत मिता म्हणजे पाळी, आळीपाळीनं करायचं काम. १५७० च्या दशकात व्हाइसरॉय तोलेदो यानं या जुन्या शब्दाची वेठबिगार केली: ठरवून दिलेल्या प्रांतांतल्या गावांनी दर वर्षी सातातला एक धडधाकट पुरुष पोतोसीला धाडायचा. वेठ गेली, खाणींचं वैभव गेलं, शब्द मात्र शेतकऱ्यानं आपल्याकडे ठेवून घेतला. कालव्याच्या पाणीपाळीला तिथे आजही मिताच म्हणतात.

पाळीचा व्यवहार असा. तिकिपायासारख्या गावांच्या वर डोंगरात बांध घातलेली तळी आहेत; लागुन मायू हे त्यांतलं एक. कोरड्या दिवसांत तिथून पाणी सोडतात, ते नाल्यानं खाली येतं आणि यादीप्रमाणे ठरलेल्या तासांना ठरलेल्या शेतात वळवलं जातं. रात्रीची पाळी असेल तर रात्री फावडं घेऊन उभं राहायचं. देखरेखीला लोकांनी नेमलेला पाणी-पंच असतो. पांझरा खोऱ्यातली फड पद्धत ज्यांना माहीत आहे त्यांना हा पाटकरी लगेच ओळखू येईल. पाण्यावरचा हक्क मिळतो आणि टिकतो तो कामावर: वर्षाला कालव्याची सफाई, बांधाची डागडुजी, बैठकीला हजेरी. गैरहजर राहिलात तर दंड, आणि दंड थकवत राहिलात तर पाळी जाते. सरकारी दप्तरात यातलं फारसं काही नोंदलेलं नव्हतं. सगळी वहिवाट.

शहराचं पाणी सेमापा ही सार्वजनिक संस्था पाहायची. स्थापना १९६७ ची. तिचे नळ शहराच्या जेमतेम निम्म्या-अधिक वस्तीपर्यंत पोचले होते आणि पाइपात सोडलेलं जवळपास निम्मं पाणी गळती, चोरी, बिघडलेले मीटर यांत जायचं. १९८५ नंतर सरकारी कथिल खाणी बंद पडल्या, वीस हजारांहून अधिक खाणकामगार बेकार झाले. त्यांतले बरेच कोचाबांबाच्या दक्षिण भागात टेकड्यांवर येऊन राहिले. तिथे नळ नव्हता. युनियनमध्ये मुरलेल्या या लोकांनी पाणी समित्या काढल्या: वर्गणी, बोअर, उंचावर टाकी, गल्लोगल्ली पाइप, महिन्याची पट्टी. जिथे बोअरला पाणी लागलं नाही किंवा खारं लागलं, तिथे टँकर.

नव्वदच्या दशकात शहराची तहान भागवायला सेमापानं खोऱ्यात खोल विहिरी खणायला घेतल्या. विन्तो, सिपे सिपे इथल्या शेतकऱ्यांना आपल्या उथळ विहिरी आटतील याची धास्ती पडली. झटापटी झाल्या, त्याला ‘विहिरींची लढाई’ म्हणतात. त्यातूनच १९९७ मध्ये सिंचनकऱ्यांचा जिल्हा महासंघ, फेदेकोर, उभा राहिला. तारीख ध्यानात ठेवावी: कंपनी येण्याच्या दोन वर्षं आधी. आणि तेव्हा त्याचं भांडण शहराशी होतं.

कराराची कलमं

जागतिक बँकेनं बोलिव्हियाला द्यायच्या मदतीला पाणीपुरवठ्याच्या खासगीकरणाची अट घातलेली होती. १९९९ च्या अहवालात तिनं हेही सुचवलं की दरवाढीची झळ कमी करायला सार्वजनिक पैसा वापरू नये. त्यात शहराच्या महापौरांनी मिसिकुनी धरण आणि डोंगरातला सुमारे १९ किलोमीटरचा बोगदा हे जुनं स्वप्न करारात घुसवलं. बँकेच्या मते ते न परवडणारं होतं. निविदेला एकच अर्ज आला: आग्वास देल तुनारी. ५५ टक्के हिस्सा ‘इंटरनॅशनल वॉटर’चा, म्हणजे मूळ अमेरिकेच्या बेक्टेलचा, २५ टक्के स्पेनच्या अबेंगोआचा, उरलेले २० टक्के चार बोलिव्हियन कंपन्यांचे. एकच अर्जदार असताना घासाघीस कोण कोणाशी करणार? सप्टेंबर १९९९ मध्ये सह्या झाल्या, १ नोव्हेंबरला कंपनीनं ताबा घेतला.

मुदत ४० वर्षं. भांडवलावर १५ ते १७ टक्के परतावा हमीचा, म्हणजे तोटा झाला तर दर वाढवून भरून काढायचा. दर अमेरिकी महागाई निर्देशांकाला आणि डॉलरला बांधलेले, जरी भरणाऱ्याची मजुरी बोलिव्हियानोत, म्हणजे तिथल्या चलनात, असली तरी. सेमापाचं जुनं कर्ज आणि मिसिकुनीचा खर्च दोन्ही ग्राहकाच्या माथी, तेही धरणाचा एक थेंब येण्याआधी. एवढं सगळं एकाच वर्षाच्या बिलात बसवायचं म्हटल्यावर आकडा फुगणारच. कंपनी सरासरी ३५ टक्के वाढ सांगत होती. कित्येक घरांत बिल दुप्पट झालं. महिन्याला ६०-७० डॉलर किमान मजुरी असलेल्या गावात काहींना १५-२० डॉलरचं बिल आलं. कंपनीचं म्हणणं होतं की पाणी जास्त वेळ येऊ लागलं, वापर वाढला, म्हणून बिल वाढलं. काही घरांपुरतं ते खरंही होतं. पण वापर तेवढाच आणि बिल दीडपट, अशा पावत्या लोक चौकात हातात धरून उभे होते.

बिल हा कराराचा दिसणारा भाग. न दिसणारा भाग २९ ऑक्टोबर १९९९ च्या कायदा क्रमांक २०२९ मध्ये होता. ज्या क्षेत्राचा परवाना कंपनीला मिळेल तिथे पाणी पुरवण्याचा एकाधिकार तिचा. म्हणजे दक्षिणेतल्या समितीनं पदरमोड करून खणलेली बोअर, खोऱ्यातल्या सहकारी विहिरी, वहिवाटीचे झरे, सगळं बेकायदा ठरू शकत होतं किंवा त्यावर मीटर बसू शकत होता. ‘पावसाचं पाणी साठवायलाही परवाना लागणार होता’ ही गोष्ट जगभर फिरली. ती जपून वापरावी. त्या गोष्टीशिवायही एकाधिकाराचं कलम पुरेसं घातक होतं.

आणि इथे सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. शेतकऱ्याच्या घरी बिल आलं नव्हतं, पण त्याच्या मितावर कोणीतरी मालक म्हणून येऊन बसत होता. दोन वर्षांपूर्वी शहराशी विहिरीवरून भांडणारा महासंघ त्याच कायद्यापायी शहराच्या बाजूला आला.

कोऑर्दिनादोरा

१२ नोव्हेंबर १९९९ रोजी ‘पाणी आणि जीवन संरक्षण समन्वय समिती’ स्थापन झाली. लोक तिला नुसतं कोऑर्दिनादोरा म्हणत. गिरणी-कारखान्यांतल्या कामगारांच्या फेडरेशनचे ऑस्कर ऑलिव्हेरा आणि सिंचनकऱ्यांचे ओमार फर्नांदेस हे तिचे ओळखीचे चेहरे. सोबत अभियंते, अर्थतज्ज्ञ, पर्यावरण गट. त्यांनी पहिलं काम केलं ते करार आणि कायदा कलमवार वाचून साध्या भाषेत मांडायचं. कार्यालय कामगार फेडरेशनच्या इमारतीत, मुख्य चौकाच्या कोपऱ्यावर. तिच्या सज्जावरचं लाल फलक पुढे प्रसिद्ध झालं. मराठीत आणायचं तर: ‘पाणी आमचं आहे, च्यायला!’

सभासद-नोंदणी नव्हती, घटना नव्हती. निर्णय तीन थरांत होत. आधी प्रत्येक गटाची आपापली सभा: कालव्याची, वस्तीची, कारखान्याची, बाजारातल्या विक्रेत्यांची. मग या गटांच्या प्रवक्त्यांची बैठक. शेवटी चौकातली आमसभा, काबिल्दो. एप्रिलमध्ये तिला पन्नास-साठ हजारांवर माणसं जमत. वरच्या थरानं ठरवलेलं चौकात फेटाळलं गेलं तर ते फेटाळलेलं. पुढाऱ्यांना हे अडचणीचं जात असे, आणि तोच त्याचा उपयोग होता: सरकारनं एखाद्या पुढाऱ्याला खोलीत गाठून सही घेतली तरी चौकापुढे ती टिकत नसे.

रास्ता रोकोचं गणितही पाळीचंच. सिंचनकऱ्यांकडे गावांच्या याद्या तयार होत्या, हजेरीची आणि दंडाची शिस्त तयार होती. कोणत्या गावानं रस्त्याचा कोणता टप्पा धरायचा, कोण किती वेळ बसणार, कोण घरी जाऊन जनावरं पाहून येणार, हे त्याच यादीनं ठरलं. कालव्याच्या सफाईला दांडी मारल्यावर जो दंड, तोच इथे. रस्त्यावर दगडांच्या राशी, झाडांची खोडं, जळते टायर. एका ठिकाणचा अडथळा पोलिसांनी काढला की ते पुढच्या वळणाला जाईपर्यंत मागे पुन्हा दगड. शहरात चौकाचौकांत शेजाऱ्यांनी स्वतः अडथळे उभारले, सामाईक चुली मांडल्या. अश्रुधुराला तोंड द्यायला व्हिनेगरमध्ये भिजवलेली फडकी. अगदी पुढच्या रांगेत रस्त्यावर वाढलेली पोरं, विद्यार्थी आणि बेकार तरुण. त्यांना ‘पाण्याचे लढवय्ये’ हे नाव पडलं.

या हत्याराला धार दोन्हीकडून असते. रस्ता बंद म्हणजे भाजी शहरात येत नाही, भाव चढतात, हातावर पोट असलेल्याची त्या दिवसाची कमाई जाते. म्हणून जानेवारीतला बंद तीन दिवस चालला, सरकारनं चर्चा कबूल केली आणि तो उठवला गेला. तोपर्यंत बिलं चौकात जाळून झाली होती, न भरण्याचा निर्णय झाला होता. कंपनीनं नळ तोडण्याची धमकी दिली. हजारो घरांनी एकदम बिल थकवल्यावर नळ तोडायला माणसं कुठून आणणार?

फेब्रुवारीतला धोका

४ फेब्रुवारीला ‘शहराचा प्रतीकात्मक ताबा’ जाहीर झाला: मिरवणूक, बँड, फुलं, चौकात आमसभा. सरकारनं बाहेरून पोलीस कुमक आणली आणि मिरवणूक चौकात येण्याआधीच अश्रुधूर सोडला. दोन दिवसांत पावणेदोनशेच्या आसपास जखमी. जे लोक कायद्याचं कलम वाचून घरात बसले होते, ते धुरानं बाहेर काढले, असं म्हटलं तर चालेल. सरकारनं दरवाढ स्थगित केली.

खरी कसोटी या विजयानंतरची. जुने दर परत आले, म्हणजे शहरातल्या मध्यमवर्गाचं काम झालं. नागरी समितीसारख्या प्रतिष्ठितांच्या मंडळींना तेवढ्यात समाधान होतं. पण शेतकऱ्याचं आणि टेकडीवरच्या समितीचं काहीच झालं नव्हतं; कायदा जिथल्या तिथे होता. बहुतेक आंदोलनं इथेच फुटतात: ज्याची मागणी आधी पुरी होते तो आधी घरी जातो. कोऑर्दिनादोरानं मागणी बदलली. दर कमी करा, हे मागे पडलं. करार रद्द करा आणि कायदा बदला, हे पुढे आलं.

नव्या मागणीला आधार हवा म्हणून २६ मार्चला त्यांनी स्वतःच मतदान घेतलं. चौकांत, देवळांपुढे टेबलं, पेट्या, तीन प्रश्न: दरवाढ मान्य आहे का, करार रद्द करावा का, कायदा बदलावा का. सुमारे ५० हजार लोकांनी मत दिलं, नव्वद टक्क्यांहून जास्त करार रद्द करण्याच्या बाजूनं. सरकारनं कौल बेकायदा म्हणून झटकला. आपल्याकडे २१ सप्टेंबर २००८ रोजी महामुंबई सेझसाठी पेण परिसरातल्या २२ गावांत कौल घेतला गेला, पण तो जिल्हा प्रशासनानं. कोचाबांबात पेटीही लोकांची आणि मोजणीही लोकांची होती. त्यामुळे त्या निकालाला कायद्याचं वजन शून्य. पण मोजणी हजारोंच्या डोळ्यांदेखत झाली होती आणि एप्रिलमध्ये तेच लोक रस्त्यावर होते.

एप्रिल

४ एप्रिलला ‘अखेरची लढाई’ सुरू झाली, या वेळी बेमुदत. ६ तारखेच्या रात्री वाटाघाटीसाठी प्रशासनाच्या इमारतीत गेलेल्या नेत्यांना तिथेच अटक झाली, मग सुटका. ७ ला प्रांताच्या प्रमुखानं करार रद्द झाल्याचं जाहीर केलं. ला पासमधल्या केंद्र सरकारनं हात वर केले आणि या प्रमुखानं राजीनामा दिला. ८ ला राष्ट्राध्यक्ष ह्यूगो बान्सेर यांनी देशभर आणीबाणी पुकारली. १९७१ ते ७८ हुकूमशहा राहिलेले बान्सेर १९९७ मध्ये निवडून आले होते; हे तंत्र त्यांच्या हातचं होतं. रेडिओ केंद्रं बंद पाडली, नेत्यांना विमानानं बेनीच्या जंगलातल्या सान होआकीनला नेलं, ऑलिव्हेरा भूमिगत झाले. त्याच दिवशी सतरा वर्षांचा एक विद्यार्थी गोळी लागून मेला. साध्या वेशातला लष्करी कॅप्टन जमावावर बंदूक चालवताना टीव्हीच्या कॅमेऱ्यात सापडला. पुढे लष्करी न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं.

नेते उचलूनही रस्ते मोकळे झाले नाहीत, कारण ते याद्यांवर चालले होते. त्याच आठवड्यात आल्तिप्लानो या उंच पठारावर आयमारा या मूलनिवासी समाजाच्या शेतकऱ्यांनीही वाटा अडवल्या होत्या आणि ला पासमध्ये पोलिसांनीच पगारासाठी बंड केलं; सरकारचं बळ वाटलं गेलं. कोचाबांबाची लढाई एकट्या कोचाबांबानं जिंकली असं सांगणं म्हणूनच अपुरं आहे.

१० एप्रिलला तडजोडीवर सह्या झाल्या. सुटकेची वाट कायदेशीर होती आणि चलाखही: सरकारनं कंपनीला पत्र लिहिलं की तुमचे अधिकारी शहर सोडून गेले, म्हणजे तुम्ही परवाना सोडून दिला आहे. करार सरकारनं मोडला असं कुठेही म्हटलं नाही. दुसऱ्याच दिवशी नवा कायदा, क्रमांक २०६६, आला. डॉलरची सांगड गेली, समित्यांच्या आणि सिंचनकऱ्यांच्या वहिवाटीला नोंदीची जागा मिळाली. जे कधीच कागदावर नव्हतं ते प्रथमच कागदावर आलं.

वॉशिंग्टनचा खटला

कंपनी मात्र कागदावरच लढायला बसली. कंपनीच्या मालकीची साखळी १९९९ च्या अखेरीस केमन बेटांवरून नेदरलँड्सकडे वळवलेली होती. नेदरलँड्स आणि बोलिव्हिया यांच्यात गुंतवणूक-संरक्षण करार होता, अमेरिकेशी तेव्हा लागू नव्हता. २००१ च्या अखेरीस त्या डच कराराच्या जोरावर जागतिक बँकेच्या वॉशिंग्टनमधल्या लवादाकडे, इक्सिडकडे, दावा दाखल झाला: किमान अडीच कोटी डॉलर, गमावलेल्या भावी नफ्यासह. एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाचं प्रकरण आठवणाऱ्याला ही चाल परकी वाटणार नाही. तिथेही बेक्टेल भागीदार होती आणि भारताविरुद्धचा लवाद मॉरिशसच्या करारावरून चालवला गेला.

लवादाची सुनावणी बंद दाराआड. २००२ मध्ये तीनशेहून अधिक संघटनांनी आम्हाला आत बसू द्या म्हणून अर्ज केला, तो नाकारला गेला. ऑक्टोबर २००५ मध्ये लवादानं आपल्याला अधिकारक्षेत्र आहे असंही ठरवलं, म्हणजे कायद्याच्या पटावर बोलिव्हिया मागेच होता. दाव्याचा निकाल लागला तो पटाबाहेर: सान फ्रान्सिस्कोतल्या बेक्टेलच्या मुख्यालयापुढे निदर्शनं, पत्रं, बदनामी. जानेवारी २००६ मध्ये कंपन्यांनी आपले समभाग दोन बोलिव्हियानोला देऊन दावा मागे घेतला. दोन बोलिव्हियानो म्हणजे तीस सेंटांच्या आत. पुढच्या वर्षी बोलिव्हिया इक्सिडमधून बाहेर पडला. असं करणारा तो पहिला देश.

नळ कोणाच्या हाती

इथपर्यंतचा भाग सगळीकडे सांगितला जातो. त्यापुढचा तितका नाही.

सेमापा लोकांच्या हाती आली, म्हणजे संचालक मंडळात नागरिकांनी निवडलेले काही संचालक आले. एप्रिल २००२ च्या पहिल्या निवडणुकीत मतदान चार टक्क्यांच्या आत राहिलं. दोन वर्षांपूर्वी ज्या शहरात साठ हजारांची आमसभा भरत होती तिथे हे का व्हावं? एक कारण साधं: दक्षिणेतल्या ज्यांना पाण्याची सर्वांत निकड होती ते सेमापाचे ग्राहकच नव्हते. दुसरं असं की कालव्यावर पंच निवडणारा शेतकरी पुढच्या आठवड्यात त्याला बांधावर गाठू शकतो. सेमापाच्या संचालकाला कुठे गाठायचं? पाळीची शिस्त मंडळाच्या खोलीत शिरलीच नाही. नोकरभरती, ठेक्यातले गैरव्यवहार, व्यवस्थापकांची हकालपट्टी हे चालू राहिलं आणि गळती निम्म्याच्या आसपासच राहिली. परदेशी मालक घालवणं आणि पाइपाचा जोड बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्याला रोज पाना धरावा लागतो.

दक्षिण भागात टँकर चालूच राहिला. दोनशे लिटरचं पिंप दारात ठेवायचं, गाडी आली की भरून घ्यायचं, आणि नळवाल्यांच्या कित्येक पट दर मोजायचा. झाकण नसलेल्या पिंपात पाणी बिघडतं ते वेगळं. २००४ मध्ये तिथल्या समित्यांनी आसिका-सुर हा संघ केला. सेमापाकडून ठोक पाणी घेऊन ते समित्यांच्या टाक्यांतून वाटायचं, ही त्यामागची कल्पना. २००९ च्या राज्यघटनेत पाणी हा मूलभूत हक्क झाला, त्याचं खासगीकरण निषिद्ध ठरलं. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बोलिव्हियानं मांडलेला पाण्याच्या हक्काचा ठराव १२२ मतांनी संमत झाला. भारतानं बाजूनं मत दिलं. ठराव झाला त्या दिवशीही दक्षिण कोचाबांबात पिंपं दारातच होती.

मिसिकुनीचं धरण २०१७ मध्ये पुरं झालं आणि दक्षिणेकडे पाणी नेण्याची गोष्ट पुन्हा निघाली. तेव्हापासूनचा वाद जुन्याच जागी आहे. सेमापाचं म्हणणं, जाळं आमचं, मीटर आमचा, बिल आमचं. समित्यांनी आपले पाइप आमच्याकडे सोपवावेत. समित्यांचं म्हणणं, पाणी टाकीपर्यंत तुम्ही आणा. टाकीखालच्या व्हॉल्वची चावी आमच्याकडेच राहील.